कवळीवरचं अक्षर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिची कवळी घासून आणणं. सकाळी दहाच्या सुमाराला डिंडोलीतल्या घरून समोरासमोर बाकांच्या शटल रिक्षात बसलो आणि चौकाकडच्या गल्लीत त्या चिनी दातवाल्याच्या दुकानासमोर उतरलो. कवळी डावीकडे टोचत होती. आठ दिवस ती कुरकुरत होती आणि आठ दिवस मी उद्या जाऊ म्हणत होतो. त्याच दिवशी का निघालो ते आता आठवत नाही. खास कारण नव्हतं. दुपारी ती गेली.

सुरतेत प्लेग येऊन गेल्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. प्लेगात अर्धी वस्ती गावाकडं पळाली, आम्ही नाही पळालो. ती म्हणाली, मरायचं तर आपल्या पत्र्याखाली मरू. तशीच मेली, पण प्लेगानं नाही.

मी चार इयत्ता शिकलेला माणूस. तीस वर्षं सांच्यावर काढली. सांचा म्हणजे यंत्रमाग, आणि सांचे चालतात त्या कारखान्याला इथं खातं म्हणतात. खात्यात कानाचं काम नसतं. पन्नास सांचे एकदम चालतात तेव्हा शेजारचा बोंबलला तरी पोचत नाही. तिथं माणसं ओठ बघून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. नव्या माणसाला महिनाभर काही कळत नाही. मग एक दिवस कळायला लागतं आणि ते पुढं जन्मभर जात नाही. माझे कान चाळिशीतच गेले. उजवा पूर्ण, डावा रुपयात चार आणे राहिला.

ती हे बोलणं माझ्याकडूनच शिकली. डबा घेऊन खात्याच्या दारात उभी राहायची आणि तिथूनच ओठांनी सांगायची, मेथी आहे, मीठ जास्त पडलंय, गुपचूप खा. बाकीचे कारागीर पण वाचायचे आणि हसायचे. पुढं घरातही तेच चाललं. मी खात्यातून सुटलो, वॉचमनकी केली, तीही सुटली, पण आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाहेरचा माणूस आला की त्याला वाटायचं नवरा-बायकोचं भांडण झालंय.

साठीच्या पुढं तिचे दात एकेक करून पडले, तेव्हा मी खरा बहिरा झालो. ओठ आत गेले, गाल बसले. तिचं बोलणं पाण्याखाली ठेवलेल्या वस्तूसारखं दिसायला लागलं. आहे ते कळायचं, काय आहे ते कळायचं नाही. मी सारखं काय, काय करायचो. ती चिडायची, मग तिनं बोलणंच कमी केलं. वर्षभर आम्ही हातवारे करून दिवस काढले. शेवटी शेजारणीनं सांगितलं, चौकाकडं एक चिनी माणूस आहे, दात चांगले बसवतो.

त्याचा बाप मुंबईत हेच काम करायचा. हा सुरतेला येऊन राहिला. पन्नाशीचा, बारीक, पांढरा कोट घातलेला. कोटाच्या बाहीवर सदा प्लास्टरचा चुना. हिंदी बोलायचा ती तोडून तोडून. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात पिवळे आणि वाकडे होते.

त्याची कामाची एक पद्धत होती. प्रत्येकाच्या कवळीवर, वरच्या टाळूच्या गुलाबी भागावर, तो बारीक सुईनं एक चिनी अक्षर कोरायचा. आमच्यासारख्यांची नावं त्याला लिहिता यायची नाहीत, आणि चिठ्ठ्या लावल्या तर पाण्यात भिजून जायच्या. मग माणूस बघून अक्षर द्यायचा. ट्रकवाल्याला घोडा. मासेवालीला मासा. एका वकिलाला काय दिलं होतं ते तो सांगायचा नाही, नुसता हसायचा. आमच्या हिच्या कवळीवरही एक होतं. वर्षभर तिनं ते जिभेनं चाचपलं होतं, पण विचारलं नव्हतं. मला म्हणायची, "काहीतरी खरवडलंय त्यानं, भिंतीवरच्या पालीसारखं लागतं जिभेला."

त्या दिवशी त्यानं कवळी घेतली, मशीनवर डावीकडून घासली, पॉलिश केली. मग तिच्या हातात दिली. तिनं बसवली. आता परीक्षा. ही परीक्षा आमची स्वतःची होती. ती दुकानाच्या आतल्या भिंतीला जाऊन उभी राहायची, मी रस्त्याकडच्या दारात, आणि ती आवाज न करता काही बोलायची. मला वाचता आलं तर कवळी पास.

ती ओठ हलवून बोलली. मी मोठ्यानं म्हटलं, "या बाबाचे स्वतःचे दात बघा आधी, वाकडे."

म्हटल्यावर ध्यानात आलं काय बोललो ते. तिनं पदर तोंडाला लावला. चिन्यानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि पोट धरून हसायला लागला.

"माँजी, मेरा दाँत कौन बनाएगा? मैं खुद?" तो म्हणाला.

"बहिऱ्याला गुपित सांगू नये," ती मला म्हणाली. तेही ओठांनीच.

घासताना थोडी पॉलिश अक्षरावर आली होती, म्हणून त्यानं कवळी परत मागितली आणि सुईनं अक्षराच्या रेघा पुन्हा खोल करायला घेतल्या. तेव्हा तिनं त्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय आहे.

चिन्यानं सुई ठेवली. टेबलावर ओलं प्लास्टर पसरलेलं होतं, त्यात त्यानं बोटाच्या नखानं काढून दाखवलं. वर एक टिंब, खाली आडवी रेघ, रेघेची दोन्ही टोकं जरा खाली वळलेली. "ये छत," तो म्हणाला. मग त्याच्या खाली दोन तिरप्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या, आणि एक आडवी. "ये औरत." मग म्हणाला, फार जुन्या काळी रेघा नव्हत्या, चित्रच होतं. ते चित्रही त्यानं काढलं. गुडघे मोडून बसलेली बाई, दोन्ही हात पुढं एकावर एक ठेवलेले. वर छप्पर. हजारो वर्षं लोकांनी घाईघाईत लिहून लिहून तिचे गुडघे गेले, डोकं गेलं, तीन रेघा राहिल्या. "मतलब शांति. सब ठीक. आराम."

ती वाकून बघत राहिली. तोंडात दात नव्हते, म्हणून माझ्याकडं पाठ करून आवाजानंच बोलली. त्यानं मला नंतर सांगितलं ती काय म्हणाली ते. म्हणाली, छपराखाली बाई म्हणजे शांती? तुमच्या देशात कुणी लग्नच केलेलं दिसत नाही. आणि हात का बांधलेत तिचे?

"बाँधा नहीं माँजी, बैठी है. काम खतम," तो म्हणाला.

"काम कुणाचं खतम होतं?" हे मात्र तिनं इतक्या जोरात म्हटलं की मलाही ऐकू आलं.

मी त्याला विचारलं, हिला हेच का दिलं. तो म्हणाला, वर्षापूर्वी पहिल्या दिवशी तुम्ही कुठंतरी चहा प्यायला गेला होता. ही आत यायला तयार नव्हती. दुकानाच्या बाहेर पत्र्याखाली पायरीवर बसली, हात असे मांडीवर ठेवून, अर्धा तास, तुम्ही येईपर्यंत. मी आतून बघत होतो. मला दुसरं अक्षर सुचलंच नाही.

मग कवळी परत बसवून तिनं आणखी एक विचारलं. बाई उठून गेली तर? नुसतं छप्पर राहिलं तर त्याचा काय अर्थ?

"सिर्फ छत कोई अक्षर नहीं," तो म्हणाला. "उसको कोई नहीं पढ़ता."

पैसे त्यानं घेतले नाहीत, म्हणाला घासण्याचे काय घ्यायचे. बाहेर पडल्यावर आम्ही लोचो खाल्ला, खमणासारखा पण त्याहून मऊ. लोचोला दात लागत नाहीत, पण तिला नवे घासलेले दात वापरायचे होते म्हणून वरून शेव जास्त टाकून घेतली. टोचत नाही म्हणाली. रिक्षात माझ्या समोर बसून सगळ्या रस्ताभर ओठांनी बोलत आली. शेजारणीनं नळावर काय केलं, मुलीला बारडोलीला निरोप पाठवायचाय, जावयाला ऊस कारखान्यात दिवसपाळी मिळाली का. मी सगळं वाचलं. एकही शब्द चुकला नाही.

घरी आल्यावर जेवलो नाही, पोट भरलेलं होतं. तिनं नेहमीप्रमाणं कवळी काढली, स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली आणि पंख्याखाली आडवी झाली. मी ओट्यावर बसून तंबाखू चोळत होतो. तासाभरानं पाणी मागायला आत गेलो तर ती नव्हती. म्हणजे होती तिथंच. तुम्हाला कळलं मी काय म्हणतो ते.

शेजारणीला हाक मारली आणि बारडोलीला फोन करायला पीसीओवर गेलो. मुलीच्या शेजाऱ्यांकडं फोन होता, त्यांना सांगितलं, पण ते काय बोलले ते मला ऐकू येईना, तेव्हा पीसीओवाल्यानं ऐकून मला लिहून दाखवलं. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास गेला. परत आलो तोवर बायकांनी तिला आंघोळ घातली होती, तोंडात गंगाजळ सोडलं होतं, तुळशीचं पान ठेवलं होतं, आणि हनुवटीखालून पांढरी पट्टी घेऊन डोक्यावर गाठ बांधली होती. करतात तसं. तोंड उघडं राहू नये म्हणून.

वाटी कोपऱ्यात होती तशीच होती. दात पाण्यात.

आता एक सांगितलं पाहिजे. वर्षापूर्वी कवळी पहिल्यांदा बसवली तेव्हा तिनं आरशात बघितलं होतं. मग माझ्याकडं तोंड करून, आमच्या अहिराणीत, आवाज न करता म्हणाली होती, "मी मरसू ते दात घालीसनच लई जा माले. नहीते वर कोन समजी मनं बोलनं?" मी मेले तर दात घालूनच न्या, नाहीतर वर माझं बोलणं कुणाला कळेल. मी हो म्हटलं होतं. थट्टेत नाही. तिनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला होता.

मी वाटी उचलली आणि टॉवेलाखाली धरली. त्या बायकांना सांगायचं होतं, पट्टी सोडा, दात घालायचेत. एवढंच वाक्य. ते तोंडातून निघेना. दारात दहा-बारा बाया, अंगणात पुरुष, आणि एक म्हातारा हातात दातांची वाटी घेऊन उभा. लाज वाटली. दुसरं काही नाही, सरळ लाज. एक बाई म्हणाली, बाबा, वेळ होतोय, बाजूला व्हा. मी बाजूला झालो. वाटीतलं पाणी मोरीत ओतलं आणि कवळी सदऱ्याच्या खिशात टाकली. मनाला म्हटलं, तिथं घाटावर चितेत ठेवीन. तेवढंच.

मुलगी-जावई आले आणि सूर्य मावळायच्या आत आम्ही तिला तापीकाठी नेलं. मडकं घेऊन फिरलो, फोडलं, अग्नी दिला. खिशात कवळी छातीला टोचत होती. लाकडं पेटेपर्यंत वेळ होता. माणसं मागं सरून आपापल्या बोलण्यात लागली होती, जावई लाकडवाल्याकडं गेला होता. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लाज वाटायचं काही कारण उरलं नव्हतं. मी हात खिशात घातला. अक्षर बोटाला लागलं. सकाळीच खोल केलेलं, धार लागत होती. वरची रेघ, खालच्या तिरप्या. मला वाचता येत नव्हतं, पण आता कुठं काय आहे ते माहीत होतं.

आणि मी कवळी काढली नाही.

हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. घरी लाजेनं राहिलं. घाटावर मी ठेवून घेतली. माझ्या डोक्यात एकच होतं. तिला वर कुणी ना कुणी भेटेल, तिची माय आहे, बहीण आहे, त्यांना ती बिनदातांची पण कळेल. तिची माय तर शेवटी स्वतःच बोळकी होती. मला नाही कळणार. ती माझ्याकडं आली आणि तोंडात दात नसले, तर मी पुन्हा काय, काय करत बसेन. दात इथं ठेवले तर ती ते घ्यायला इथंच येईल. असा हिशेब. शहाण्या माणसाचा नव्हे, पण तेव्हा सरळ वाटला.

घरी आलो. जिथं ती गेली तिथं बायकांनी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर कसलं पाऊल उमटतं ते बघतात, पुढचा जन्म कळतो म्हणून. मुलगी आत बायकांत बसली. मी ओट्यावर होतो. अजून पुरता अंधार पडला नव्हता, समोरच्या सोसायटीत दिवे लागत होते.

ती ओट्याच्या टोकाला बसली होती. पत्र्याच्या पुढं आलेल्या भागाखाली. गुडघे मोडून, हात एकावर एक. सकाळी घातलेलं तेच लुगडं. म्हाताऱ्याला भास झाला म्हणणारे म्हणू देत. मी तिच्या इतक्या जवळ होतो की पट्टीची गाठ दिसत होती. पट्टी हनुवटीवरून खाली गळ्यात आली होती आणि तोंड मोकळं होतं.

ती बोलत होती. भराभरा. ओठ आत गेलेले, गाल बसलेले, हातवाऱ्यांच्या त्या वर्षासारखे. मी सरकलो. म्हटलं, "हळू बोल." ती थांबली नाही. मी खिशातून कवळी काढली, धोतराच्या टोकानं पुसली, आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवली. म्हटलं, "घाल. घाल आणि बोल. मी वाचतो."

तिनं कवळीकडं बघितलं. हात उचलले नाहीत. हात जसे होते तसेच मांडीवर, आणि ओठ चालूच. ती काय म्हणत होती ते मला आजपर्यंत माहीत नाही. रागावली होती असं वाटतं. पण बिनदातांच्या तोंडाचा राग आणि बिनदातांच्या तोंडाचं रडणं मला वेगळं वाचता येत नाही. चिनी म्हणाला होता शांती. मी तिच्या समोर बसून घामानं भिजलो होतो. छप्पर होतं, खाली बाई होती, हात जागेवर होते. शांती म्हणतात ती काही मला तिथं दिसली नाही.

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. "आप्पा, कोनासंगे बोलताय?" मी कवळी उचलली. ओट्याचं टोक मोकळं होतं. मुलगी तिथंच टेकली, नेमकी त्याच जागी, आणि मी तिला उठवून दुसरीकडं बसवलं. तिला वाटलं तिथं पाणी सांडलंय.

आमच्याकडं राख तिसऱ्या दिवशी सावडतात. पण इथं सुरतेत माणसांच्या पाळ्या असतात, खातेवाला सुट्टी देत नाही, म्हणून बहुतेकजण दुसऱ्या दिवशीच सावडून मोकळे होतात. आम्हीही तसंच ठरवलं. पहाटे बायकांनी टोपली उचलली. पिठावर काही नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, सुटली बिचारी, कुठं अडकली नाही.

घाटावर गेलो. राख अजून कोमट होती. दूध-पाणी शिंपडलं, अस्थी वेचल्या, मडक्यात भरल्या. मडकं घेऊन मी नदीकडं चाललो, मुलगी माझ्या बरोबरीनं. पाण्याजवळ आल्यावर ती थांबली, माझ्या समोर आली आणि चेहरा माझ्याकडं धरून सावकाश बोलली. तिला लहानपणापासून माहीत आहे माझ्याशी कसं बोलायचं ते.

"आप्पा, मायचे दात कुठंयेत? काल घातले नव्हते. मी तोंड बघितलं तिचं."

मी मडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"मला सांगून ठेवलं होतं तिनं. म्हणे तुझा बाप लाजेल, तू ध्यान ठेव. मी पोचले तोवर तिला तिरडीवर बांधलं होतं. आता राखेसंगे सोडून देऊ, चालेल ना? आणलेत तुम्ही?"

सगळं वाचलं मी. मुलीचे दात चांगले आहेत, शब्द न् शब्द कळला. तुझा बाप लाजेल. म्हणजे तिला माहीत होतं. मला शपथ घालून पण तिनं माझ्यावर भरवसा ठेवला नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

"सापडत नाहीत," मी म्हटलं. "बायकांनी मोरीत टाकले असतील. गेले."

मुलगी रडायला लागली. कालपासून पहिल्यांदाच अशी रडली. म्हणाली, "मग ती तिकडं काय करेल आप्पा? कसं बोलेल?" मी कानाकडं हात नेला आणि मान हलवली, ऐकू आलं नाही असं दाखवलं. जन्मभरात तिच्याशी हे कधी केलं नव्हतं. तिलाही ते कळलं असणार, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मी मडकं घेऊन पाण्यात उतरलो. कमरेएवढं पाणी झाल्यावर ते तिरकं केलं. राख थोडा वेळ माझ्याभोवतीच फिरली, मग प्रवाहात गेली. काठावरून जावई हात करून सांगत होता, तीन बुड्या मारा. मी तीन बुड्या मारल्या. एक हात नाकावर धरला होता आणि दुसरा खिशावर.